तळ्याचा उभा छेद

चौकटताई हे तिला गिरणीत मिळालेलं नाव. पडदे आणि गालिचे विणणाऱ्या त्या गिरणीत ती तरुणपणी लागली आणि केस पिकायला लागेपर्यंत तिने एकच काम केलं: चौकोन भरले. नक्षी काढणारे कलाकार वेगळे. ते कागदावर झोकात एखादं फूल काढायचे आणि हात झटकून मोकळे व्हायचे. पण मागाला फूल कळत नाही. त्याला एवढंच कळतं की हा धागा वर आणि तो धागा खाली. म्हणून त्या फुलाचे बारीक बारीक चौकोन पाडून, कुठल्या चौकोनात कुठला रंग हे आलेखाच्या कागदावर भरून द्यायला कुणीतरी लागतं. ते काम ताईचं. एक चौकोन चुकला की अख्ख्या ताग्यात जिथे जिथे फूल, तिथे तिथे त्याचं नाक वाकडं. त्यामुळे तिला डोळ्यांत तेल घालून बघायची सवय लागली ती कायमची. ताईचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, हातापेक्षा तोंड जास्त चालणारा माणूस. तो म्हणायचा, "आमच्याकडे पाहुणा आला तर ही आधी त्याच्या शर्टाच्या रेघा जुळतायत का बघते, मग माणूस ओळखते."

मग गिरणी बंद पडली. यंत्रं भंगारात गेली, माणसं जिथे वाट दिसेल तिथे गेली. ताईने संगणकाचा वर्ग लावला. वर्गातली सगळी पोरं तिच्या निम्म्या वयाची. पहिल्या दिवशी तिने माऊस सुईसारखा चिमटीत धरला, तेव्हा पोरं हसली आणि तीही हसली. पण वर्ग संपता संपता त्याच पोरांची अडलेली कामं ती सोडवून देत होती.

गावाच्या कडेला मोठं तळं होतं आणि तळ्याच्या काठावर एक प्रयोगशाळा. तिथले लोक वर्षानुवर्षं पाणी, हवा, गाळ मोजत असत. मोजून मोजून आकड्यांचे डोंगर झाले होते आणि ते त्यांच्यातल्या चौघांखेरीज कुणालाही वाचता येत नव्हते. त्या आकड्यांची चित्रं करायला माणूस हवाय असं ताईच्या कानावर आलं आणि ती जाऊन बसली. तिथल्या प्रमुख, सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणत, त्यांनी तिच्यापुढे आकड्यांनी गच्च भरलेलं एक पान ठेवलं. "हे तळ्याचं तापमान. वरपासून तळापर्यंत, रोजचं. काय दिसतं तुम्हाला?"

"काही नाही दिसत," ताई म्हणाली. "आलेखाचा कागद आणि रंगीत पेन्सिली आहेत का?"

शोधाशोध करून पेन्सिली आणल्या. तासाभराने तिने कागद पुढे केला, तेव्हा उन्हाळ्यात वरचं पाणी कसं तापत गेलं, दुधावर साय धरावी तसं वरच कसं राहिलं आणि थंडी लागताच सगळं एकमेकांत कसं मिसळलं, ते मॅडमना एका नजरेत दिसलं. त्यांना ते आधीपासून माहीत होतं, पण दिसलं तेव्हा पहिल्यांदा. ताईला त्याच आठवड्यात रुजू करून घेतलं.

पेन्सिलींची जागा लवकरच एका सॉफ्टवेअरने घेतली. एका बाजूने आकडे ओतायचे, दुसऱ्या बाजूने चित्र काढून घ्यायचं. ते चित्र फिरवता येई, कापता येई, दिवसामागून दिवस चालवता येई. "हा तर उलटा चालणारा माग," ताई घरी येऊन म्हणाली. "तिकडे मी फुलाचे चौकोन करत होते, इकडे चौकोनांचं फूल करायचं."

"पगार उलटा नाही ना चालत?" नवऱ्याने विचारलं.

तिच्या सगळ्या चित्रांत प्रयोगशाळेला आवडायचा तो उभा छेद. तळं सुरीने वरून खालपर्यंत कापावं आणि कापलेली बाजू समोर धरून बघावी, तसं ते चित्र. वर पाण्याचा पृष्ठभाग, खाली गाळ, आणि डावीकडून उजवीकडे सरकत जाणारे दिवस. त्यासाठीचे आकडे तळ्याच्या मधोमध नांगरलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या एका पिवळ्या बोयाकडून येत. त्याच्या पोटातून तळापर्यंत एक साखळी सोडलेली होती आणि साखळीला ठरावीक अंतरावर सेन्सर बांधलेले होते. पाण्यात किती प्राणवायू आहे, पाणी किती गार आहे, ते रात्रंदिवस कळवत राहायचे.

ताईला एक धाकटा भाऊ होता. आई लवकर गेली, तेव्हा त्याला अंघोळ घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं हिनेच केलं. तो आता तळ्याच्या उत्तर टोकाला असलेल्या रंगाच्या कारखान्यात पाळीचा फोरमन होता. मनाने चांगला, बोलायला कमी, आणि वरच्या साहेबांपुढे जरा जास्तच कमी. त्याची बायको मात्र फटकळ. नणंद-भावजयीचं छान जमायचं, कारण दोघींनाही एकाच माणसाला बोलतं करायचं असायचं.

त्या वर्षी थंडी सुरू होताना दोन दिवस असा वारा सुटला की काठावरच्या होड्या एकमेकींवर चढल्या. वारा पडला त्या सकाळी तळ्याच्या काठाला मेलेले मासे लागले. एकदोन नव्हे, पांढऱ्या पोटांचा नुसता खच. नगरपालिकेच्या गाड्या दिवसभर ते भरून नेत होत्या आणि वास काही जात नव्हता. दुपारपर्यंत कुणीतरी बातमी आणली की उत्तरेकडे कारखान्याजवळ पाणी तांबडं झालंय. झालं! आणखी पुरावा कशाला हवा? संध्याकाळी कारखान्याच्या फाटकापुढे होडीवाले जमले. मालकांनी दारं लावून घेतली आणि लोकांचा राग ज्याच्या हाताशी सापडला त्याच्यावर गेला. पाणी सोडायचा व्हॉल्व्ह भावाच्या ताब्यात असतो हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी त्याला हात लावला नाही, पण लोक त्याला पाण्यात पाहू लागले. केस कापायला गेला तर न्हावी म्हणाला, आज गर्दी आहे. दुकानात चिटपाखरू नव्हतं. भावजय बाजारात गेली की तिच्या पुढ्यातली बोलणी बंद व्हायची.

तो ताईकडे आला आणि खुर्चीत अंग टाकून म्हणाला, "ताई, आम्ही थेंबभर पाणी सोडलेलं नाही. तुमच्या मशीनमध्ये सगळं येतं ना? दाखव लोकांना."

"जे आलंय ते दाखवीन," ती म्हणाली.

प्रयोगशाळेचा अहवाल शास्त्रज्ञांनी लगेच लिहिला होता. तो कुणी वाचला नाही. तेव्हा होडीवाल्यांनीच मागणी केली की शाळेच्या सभागृहात सगळ्यांसमोर बोला, समजेल असं बोला. मॅडम ताईच्या टेबलाशी आल्या.

"हे काम माझ्याकडे नको," ताई आधीच म्हणाली. "माझा भाऊ आहे तिथे. मी धुतल्या तांदळासारखी असले तरी लोक म्हणणार, बहिणीने सारवासारव केली."

"आकडे सगळ्यांसाठी खुले आहेत. तुम्ही केलेलं चित्र मी तपासीन आणि दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेतले लोकही तपासतील. पण ते लोकांना कळेल असं करायला माझ्याकडे दुसरं कुणी नाही." मॅडम जरा थांबल्या. "भाऊ तुमचा आहे हे मी सभेत सुरुवातीलाच सांगेन. चालेल?"

ताईने मान डोलावली आणि कामाला लागली.

आकडे ओतले आणि चित्र उभं राहिलं. उन्हाळाभर तळ्याचं पाणी दोन थरांत वाटलेलं होतं. वर उबदार, खाली गार, आणि खालच्या थरातला प्राणवायू संपत संपत पार शून्यावर आलेला. मधे वाऱ्याचे दोन दिवस. वाऱ्यानंतर थर नाहीसे झालेले, वरपासून खालपर्यंत पाणी एकच, आणि त्यात प्राणवायू इतका थोडा की मासा जगणं कठीण. सॉफ्टवेअरने आपल्या रीतीप्रमाणे कमी प्राणवायूला लाल रंग दिला होता. ताईने ते घरच्या लॅपटॉपवर नवऱ्याला दाखवलं.

"बाप रे," तो म्हणाला. "एवढा रंग सोडला? पार तळापर्यंत गेलाय की!"

"अहो, तो कारखान्याचा रंग नाही. तिथे हवा नाही, असं दाखवलंय मी."

"मग लाल कशाला केलंस? गाव सध्या लाल बघितलं की बिथरतंय."

नवऱ्याचं बोलणं एरवी ती एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडायची. हे मात्र तिने धरलं. दुसऱ्या दिवशी तिने सगळे रंग बदलले. जिथे माशाला श्वास घेता येतो तिथे फिकट निळसर, आणि जिथे येत नाही तिथे गडद होत होत जवळजवळ काळं.

राहिली अडचण वाऱ्याच्या दोन दिवसांची. त्या वाऱ्याने बोयाची केबल तुटली होती आणि ती जोडेपर्यंत एकही आकडा आलेला नव्हता. नेमके तेच दोन दिवस, ज्यांत तळ्यात उलथापालथ झाली आणि मासे मेले. चित्रात तिथे कोरा पांढरा पट्टा दिसत होता. सॉफ्टवेअरमध्ये त्यावरही उपाय होता. एक बटण दाबलं की ते अलीकडचे आणि पलीकडचे आकडे बघून मधली जागा स्वतःच भरून काढायचं. ताईने एकदा दाबून पाहिलं. काळा थर तळातून उठून सुरेख वळण घेत वर आला. एखाद्या गालिच्यावर शोभला असता. तिने तो पुसून टाकला.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी भाऊ प्रयोगशाळेत आला. तिने त्याला सगळं दाखवलं. त्याचा चेहरा उजळला, आणि पांढऱ्या पट्ट्याशी येऊन पुन्हा पडला.

"हे असं रिकामं का?"

"आकडे नाहीत."

"भरता येत नाही?"

"येतं. बटण आहे."

"मग दाब की! ताई, लोक याच पट्ट्यावर बोट ठेवतील. म्हणतील, इथेच काहीतरी लपवलंय. एका बटणासाठी मला लटकवणार तू?"

ताईने पडद्यावर दुसरी खिडकी उघडली. उपग्रहाने वरून घेतलेला तळ्याचा फोटो, वारा पडला त्या सकाळचा. उत्तरेच्या टोकाला, कारखान्याच्या नळापासून सुरू होऊन पंख्यासारखा पसरलेला तांबूस डाग त्यात स्वच्छ दिसत होता.

"थेंबभर पाणी सोडलं नाही म्हणालास."

भाऊ पडद्याजवळ सरकला. मग खुर्ची ओढून बसला. "टाक्या भरल्या होत्या. साहेब म्हणाले, वारा आहे, मिसळून जाईल, कुणाला कळणार नाही. मी उघडला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मासे आधीच मेलेले होते गं. मी व्हॉल्व्ह उघडायला गेलो तेव्हा काठाला लागलेलेही होते. पण हे आता कोण ऐकणार?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू दाखवलं असतंस."

"आता तरी काय, दाखवणारच आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "हे वगळून बाकीचं दाखवलं तर बाकीच्यावर कुणी विश्वास का ठेवावा?"

तो उठला आणि निघून गेला. तिने त्याच्यासाठी आणलेला चहा तसाच राहिला.

सभागृह भरून लोक बाहेर व्हरांड्यात उभे होते. पुढच्या रांगेत नगराध्यक्ष, त्यांच्या मागे होडीवाले, बाजूला बाजारातली मासळीवाली मावशी. भाऊ अगदी मागे, दाराशी. त्याच्या शेजारी भावजय, पदर घट्ट खोचून, कुणी काही बोललंच तर तयारीत. मॅडमनी थोडक्यात सांगितलं, ताईचा भाऊ कारखान्यात आहे हेही सांगितलं. कुजबुज झाली. मग ताई उभी राहिली. एवढ्या लोकांपुढे ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

"हे आपलं तळं," ती म्हणाली. "उभं कापलंय आणि बाजूने बघतोय. वर आभाळ, खाली गाळ. फिकट आहे तिथे माशाला दम घेता येतो. काळं आहे तिथे येत नाही. हा उन्हाळा. मावशी, तुम्ही मासा असता तर कुठे राहिला असता?"

लोक हसले. मावशी गंभीरपणे पुढे आली आणि वरच्या फिकट थरावर बोट टेकवून म्हणाली, "इथे. खाली जायला काय वेड लागलंय?"

"बरोबर. आता वारा आला." तिने चित्र पुढे चालवलं. आधी वर फिकट आणि खाली काळं, मधे कोरा पट्टा, आणि पुढे वरपासून खालपर्यंत सगळं करडं. हसू थांबलं. "आता कुठे जाल?"

मावशीने बोट काढून घेतलं. "कुठेच नाही," ती म्हणाली.

होडीवाल्यांचा म्होरक्या उभा राहिला. "तो मधला पांढरा पट्टा काय आहे?"

"त्या दोन दिवसांचे आकडे नाहीत. वाऱ्याने केबल तुटली."

"सोयीचं झालं म्हणायचं!"

"मला तर फार गैरसोयीचं झालं," ताई म्हणाली. "तिथे रंग भरायला मशीनमध्ये बटण आहे. दाबलं असतं तर चित्र देखणं झालं असतं आणि तुम्ही हा प्रश्न विचारला नसता. पण तिथे काय झालं ते मोजलेलं नाही, म्हणून कोरं ठेवलंय. अलीकडचं मोजलंय, पलीकडचं मोजलंय. मधलं तुम्हीच ताडून बघा."

म्होरक्या उभाच राहिला. तेव्हा तिने उपग्रहाचा फोटो लावला. तांबूस डाग भिंतभर पसरला आणि सभागृहात एकदम गलका झाला. "हे बघा! हेच म्हणत होतो आम्ही!" नगराध्यक्ष खुर्चीत वळून शांत राहायला सांगत होते, कुणी ऐकत नव्हतं. त्या गोंधळात मागून आवाज आला.

"व्हॉल्व्ह मी उघडला."

लोक वळले. भाऊ भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पांढराफटक. "साहेबांनी सांगितलं, मी उघडला. वारा पडता पडता. नाही म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही."

भावजयीने त्याचा दंड धरला होता. ओरडणारे एकेक करून खाली बसले. माणूस नाकबूल करतो तेव्हा ओरडणं सोपं असतं.

ताई पडद्याकडे वळली. ती भावाकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. तिने त्याच फोटोवर मेलेले मासे कुठे कुठे सापडले त्याच्या खुणा टाकल्या. नगरपालिकेच्या गाड्यांनी त्याच दिवशी भरले त्या जागा. बहुतेक सगळ्या दक्षिणेच्या काठाला, डागापासून तळ्याच्या दुसऱ्या टोकाला. "त्या रंगाने एकही मासा मेला नाही असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. पण हे मासे तिथवर रंग पोचायच्या आधी मेलेले आहेत."

"म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली," मावशी म्हणाली.

"पण कावळा बसला होता ना!" कुणीतरी ओरडलं, आणि ताण सैल होऊन लोक हसले. भाऊसुद्धा मान खाली घालून कसनुसं हसला.

शेवटचं चित्र राहिलं होतं. मागच्या दहा-अकरा वर्षांचे उन्हाळे तिने एकाखाली एक मांडले होते. सगळ्यांत वरच्या, म्हणजे सगळ्यांत जुन्या पट्टीत तळाशी काळी रेघ होती, पेन्सिलीने ओढावी इतकी बारीक. खाली खाली येताना ती जाड होत गेलेली.

"ही काळी जागा का वाढतेय?" म्होरक्याने विचारलं. आता त्याच्या आवाजात भांडण नव्हतं.

"तळाशी जे जाऊन बसतं ते कुजतं आणि हवा खातं. कारखान्याचं काही असेल. पण बहुतेक गावच्या गटारांचं आहे. माझ्या घरचंही तिथेच जातं."

नगराध्यक्षांना आपल्या बुटांत काहीतरी बघण्यासारखं सापडलं होतं.

पुढे गोष्टी झाल्या, पण हळूहळू झाल्या. कारखान्याला सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्या बांधायला लावलं. भावाला काही आठवडे घरी बसवलं आणि मग परत घेतलं, कारण आदेश कुणाचा होता हे त्याने चौकशीत पहिल्यांदाच तोंड उघडून सांगितलं. गटारांवरून नगरपालिकेत हिवाळाभर भांडणं झाली आणि शेवटी दक्षिणेकडच्या एका मोठ्या गटाराचं पाणी वळवायचं काम सुरू झालं. पुढच्या उन्हाळ्यात ताईने छेद काढला तेव्हा काळा थर होता तेवढाच होता. तिने तो तसाच प्रयोगशाळेबाहेरच्या फलकावर लावला. मासळीवाली मावशी येता-जाता तिथे थांबायची आणि घरचं आजारी माणूस बघावं तसं बघून जायची.

भाऊ मात्र सहा-सात महिने ताईशी बोलला नाही. भावजय येत-जात राहिली. "रागावलाय असं नाही हो," ती म्हणाली. "तुमच्यासमोर यायला लाजतोय. लहानपणी मार खाल्ल्यावर माळ्यावर जाऊन बसायचा म्हणे, तसं आहे. उतरेल."

ताई वाट बघत राहिली. कधी संध्याकाळी ती कारखान्याच्या रस्त्याने घरी यायची, लांबचा पडला तरी. दोनदा तो तिला दिसला. एकदा त्याने हात वर केला.

मग एका सकाळी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा होता, खिशात पेनड्राइव्ह आणि चेहऱ्यावर परक्या ऑफिसात आल्यासारखा अवघडलेपणा.

"नव्या टाक्यांचे आकडे आहेत," तो म्हणाला. "पाणी आत येतं तेव्हाचे आणि बाहेर जातं तेव्हाचे. आमच्या पाळीतल्या लोकांना ते कळत नाहीत, मग कुणी बघत नाही. तू काढून देशील का काहीतरी? भिंतीवर लावीन म्हणतो."

"बस," ताई म्हणाली. "आधी मला सांग, कुठल्या टाकीतून पाणी कुठे जातं. मला तुमचं काही माहीत नाही."

त्याने खुर्ची ओढली आणि सांगायला लागला. पहिल्याच टाकीला तिचं चुकलं. त्याने तिला थांबवलं, कागद घेतला आणि सगळं नीट काढून दाखवलं. मधे दोनदा त्यांचा वाद झाला. एकदा ती बरोबर निघाली, एकदा तो. जेवायची सुट्टी झाली तेव्हा मॅडम दारातून डोकावल्या. दोघं एकाच डब्यातून खात होती आणि भाऊ तोंडात घास असतानाच पडद्याकडे बोट दाखवून काहीतरी समजावत होता.